पुढे कोण चालणार?

माणसं घरात बसली की गप्पा होतात, पायी निघाली की किस्से होतात! आमच्या रविवारच्या मंडळाचे इतके साठलेत की कुठला आधी सांगायचा यावरही भांडण होतं. म्हणून मीच सुरुवात करते.

मंडळ काढलं पोतनीसकाकांनी. ते मुलीकडे इंग्लंडला तीन महिने राहून आले. तिथे साठीची माणसं सुट्टीच्या दिवशी गट करून शेताशेतांतून दिवसभर चालतात. काकाही त्यांच्यात चालले आणि परतले ते नियम घेऊनच. "हे ग्वाल्हेरात जमायलाच हवं!" आम्ही लष्कर भागातली मराठी मंडळी, उत्साहात कुणाला हार जात नाही. थंडी पडली आणि निघालो.

*

पहिला नियम, ज्याने त्याने आपला डबा खायचा, मुकाट्याने, निसर्ग बघत.

मोहरीच्या शेताकडेला बसलो. पाच मिनिटांत माझी थालीपीठं दीक्षितगुरुजींकडे आणि त्यांची डाळ भरलेली बेडई पुरी शिर्केसाहेबांकडे! काका एकटे दगडावर ताठ बसून सँडविच चावत होते.

शेवटी मान न वळवता म्हणाले, "लोणचं कुणाकडे आहे?"

*

दुसरा नियम, पुढे लीडर आणि सगळ्यात मागे एक जण, कुणी वाटेत राहू नये म्हणून.

शिर्केसाहेब उसळले, "आमचे पूर्वज फौजेत आघाडीला असायचे. मी मागे नाही चालणार."

दीक्षितगुरुजी म्हणाले, "आमच्या पूर्वजांनी मुहूर्त काढल्याशिवाय तुमची फौज हलत नव्हती!"

दोघेही तरातरा पुढे. फाट्यावर एक डावीकडे गेला, एक उजवीकडे. लीडर काका मधोमध उभे. "इंग्लंडात हा प्रॉब्लेम नव्हता!"

मागची जागा घेतली सुलूताईंनी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या सावकाशच चालतात. थाटीपूरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. मुलगा मंदार बंगलोरला. तो सारखा मागे लागलाय, फ्लॅट विक आणि इकडे ये. त्यांना ग्वाल्हेर सोडायचं नाही. म्हणून दर रविवारी त्याला चालतानाचा फोटो पाठवतात. मला त्यांचा हा हट्ट फार आवडतो.

*

एका खेड्यात आमच्या काठ्या, टोप्या आणि काकांच्या हातातला नकाशा बघून गर्दी जमली. एकाने हात जोडले, "साब, सड़क इधर से ही निकलेगी क्या?"

काका खुलासा करणार, तेवढ्यात शिर्केसाहेब बोलून गेले, "देखते हैं." जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस, दुसरं काय बोलणार!

पुढच्या रविवारी तिथेच चहा, भजी आणि हार! काका कळवळून म्हणाले, "भैया, हम तो सिर्फ़ घूमने आते हैं."

"हाँ साब, पहले वाले भी यही कहते थे."

*

जानेवारीत मंदार स्वतःच आला. "आईला किती झेपतं ते बघायचंय." नवेकोरे बूट, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ. सुलूताई माझ्या कानात म्हणाल्या, "आज मी बसले ना, तर गेला माझा फ्लॅट."

तिघऱ्याच्या धरणाकडे निघालो. मंदार शिर्केसाहेबांच्याही पुढे! मधूनच वळून ओरडायचा, "आई, थकलीस ना? सच बता!"

"तू चल रे!" सुलूताई मागून म्हणायच्या.

परतताना त्याला बूट चावायला लागले. आधी तो शिर्केसाहेबांच्या मागे पडला, मग माझ्या मागे, मग दिसेनासाच झाला.

आम्ही घरी नेणाऱ्या टेम्पोपाशी पोचून वाट बघत राहिलो. काका शोधायला निघणार, तेवढ्यात वळणावर दोघं दिसली. सुलूताईंची काठी मंदारच्या हातात आणि मंदारची सॅक सुलूताईंच्या पाठीवर! तो टेम्पोत बसला आणि त्याने डोळेच मिटले.

फोन वाजला त्याचा, घेतला सुलूताईंनी. बंगलोरहून सून होती.

"हो गं, पोचलो सुखरूप. मला काय धाड भरलीय! पण तू तिकडे एकटी कुठवर सांभाळशील गं याला? असं करा, तुम्ही दोघं इकडेच या राहायला. माझी एक खोली रिकामीच असते."