भोकमिस्त्रीने बसवलेली टाकी

आमच्या भिंतीत चार फुटांची माशांची टाकी आहे आणि तिच्या वर-खाली मिळून एकवीस भोकं आहेत. मी मोजलीत. घरी येणारा माणूस आधी मासे बघतो, मग भोकं बघतो, मग माझ्याकडे बघतो. ज्याच्यामुळे ही पाळी आली, त्या सुताराला सगळी गल्ली भोकमिस्त्री म्हणते. तोंडावर म्हणते, आणि तो ओ देतो.

काम चोख आहे, नाही म्हणणार नाही. त्याने रंधा मारलेल्या फळीवरून हात फिरवा, कुसळ लागायचं नाही. खोड एकच. बंद वस्तू त्याला बघवत नाही. चपलांच्या कपाटाला भोकं, अंथरुणांच्या पेटीला भोकं. एका वकिलाच्या फायलींच्या कपाटाला तर इतकी पाडली, की वकील म्हणाला, मी यात कोंबड्या पाळायच्या का? याचं मूळ त्याच्या बहिणीच्या लग्नात आहे. हौसेने त्याने तिला कपाट करून दिलं, मुंगी शिरणार नाही असं घट्ट. वर्षाच्या आत आतल्या कपड्यांना बुरशी धरली. त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली, पण मेहुणा अजून याला बघितलं की आपली कॉलर हुंगून दाखवतो. तेव्हापासून मिस्त्रीचं एकच पालुपद, वस्तूला श्वास लागतो.

आमच्याकडे तो आला सासऱ्यांपायी. सासूबाई गेल्या आणि बाबा खोलीत जाऊन बसले ते बसलेच. आठ महिने. जेवण आत, चहा आत, पेपर आत. त्यांना त्रास नको म्हणून आम्ही दार लोटून घ्यायचो, टीव्ही हळू लावायचो. डॉक्टर म्हणाले, मन रमेल असं काहीतरी द्या. मग ह्यांच्या डोक्यात आलं, बाहेरची खोली आणि बाबांची खोली यांच्यामधल्या भिंतीत टाकी बसवायची. इकडून आम्हाला मासे दिसतील, तिकडून पलंगावरून बाबांना. चहाचा कप ठेवायचा, गार झालेला उचलून आणायचा, हे रोज करून माझा जीव रडकुंडीला आला होता. बाबांनी एकदा त्या दाराबाहेर यावं, याखेरीज मला काही नको होतं. म्हणून मी टाकीला हो म्हटलं. भोकांना नव्हतं म्हटलं.

मिस्त्रीने भिंत ठोकून पाहिली, छताचा भार हिच्यावर नाही याची खात्री केली, गवंड्याकडून चौकट कापून घेतली, खाली लोखंडी बैठक दिली. टाकीच्या खाली पंपाचा कप्पा, वर दिव्याचा. इथवर दृष्ट लागावी असं काम. मग त्याने ड्रिल काढलं. पंप तापतो, दिवा तापतो, पाण्याची वाफ चढते, तेव्हा खालून गार हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर गेली पाहिजे, असं मला शाळेत असल्यासारखं समजावलं. खिशातून पांढरा दोरा काढून तो भोकापुढे धरायचा आणि डोळे बारीक करून बघत राहायचा. दोरा हलला तर ठीक, नाहीतर आणखी एक भोक. माझ्या नव्या रंगवलेल्या भिंतीची चाळण होत होती आणि हा दोरा धरून उभा. वरची तीन भोकं तर त्याने थेट बाबांच्या खोलीपर्यंत आरपार नेली. मी कपाळावर हात मारला. तो म्हणाला, असू द्या वहिनी.

मासे आले. बाबा पलंगावर उठून बसायला लागले, ही खरी गोष्ट. पण दाराकडे काही वळेनात.

त्यात वन्सं चार दिवस राहायला येणार असं कळलं. आमच्या वन्सं म्हणजे दुधात साखर घातली तरी खडा शोधणाऱ्या. ती भोकं बघून त्या काय काय बोलतील, ते मला आधीच पाठ होतं. मी सरळ भिंतीच्या रंगाचा चिकटपट्टीचा कागद आणला आणि आमच्या बाजूची सगळी भोकं झाकून टाकली. हे म्हणाले, मिस्त्रीला विचार. मी म्हटलं, भिंत त्याची आहे का?

वन्सं आल्या, टाकी बघून चक्क छान म्हणाल्या. मी तीन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी काचेवर आतून वाफ धरलेली दिसली. खालच्या कप्प्यातली पंपाची घरघर थांबली होती, मासे वर येऊन तोंडं उघडत होते, आणि फुगलेल्या लाकडामुळे वरची फळी निघता निघेना. हे सुरी घेऊन फळीशी झटत होते, वन्सं सल्ले देत होत्या, मी पंपाचं बटण पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. तेवढ्यात मागे कडी वाजली.

दारात बाबा उभे होते. काठी नाही, चष्मा नाही, पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्यांनी माशांकडे बघितलंच नाही. आमच्याकडे एकेक करून बघितलं, मोजल्यासारखं.

"आहात का सगळे?" ते म्हणाले. "तीन दिवस ताट ठेवता, दार लोटता, मग कुणाचाच आवाज नाही. आज ती पंपाची घरघरही थांबली. मला वाटलं, मला टाकून गेलात कुठे."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आठ महिने आम्ही त्यांना शांतता देत होतो, आणि ती हवी का हे एकानेही विचारलं नव्हतं. मी स्टुलावर चढले आणि नखांनी तो कागद टराटरा फाडून काढला. वन्संनी पहिल्यांदा भोकं बघितली आणि खाली पडलेले कागदाचे तुकडे गोळा करायला लागल्या.

मिस्त्री तासाभरात आला. फळी रंध्याने घासून मोकळी केली, थंड झालेला पंप सुरू केला, मासे खाली गेले. मग दोरा काढून सगळ्या भोकांपुढे धरत गेला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, ती आरपार तीन कशाला होती?

"ती माशांची नव्हेत," तो म्हणाला. "मी आत काम करत होतो ना, तेव्हा तुम्ही दार लावून गेलात की बाबा म्हणायचे, उघडं ठेव रे, सूनबाई फोनवर काय म्हणते ते ऐकू येत नाही."

दार आता उघडंच असतं. संध्याकाळचा चहा बाबा बाहेर येऊन घेतात, बाकी वेळ पलंगावरून घर चालवतात. काल मी फोनवर बहिणीला सांगत होते की त्या भोकमिस्त्रीने भिंतीची पार वाट लावली. भिंतीतून आवाज आला, "त्याला नावं ठेवू नकोस. आणि तुझा गॅसवरचा चहा उतू जातोय."