लाकोटा बाया आणि विहिरीजवळचे दहा गुंठे

एका रविवारी दुपारी तीन वाजता, धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, मी लाकोटा स्त्रियांवरचा माहितीपट दाखवला. लाकोटा हे अमेरिकेतले मूळ रहिवासी. सरकारने नेमून दिलेल्या राखीव प्रदेशांत त्यांच्यातले बरेच जण राहतात. निवेदन इंग्रजीत होते, म्हणून पडद्याशेजारी बसून मी ते मराठीत वाचत होते. वर्तमानपत्रातल्या नोकरीची सवय सुटली नव्हती. प्रत्येक वाक्य आधी दोनदा तपासले होते.

आलेल्या बहुतेक बायका मूळ गावच्या. आमची इमारत त्यांच्याच शेतांवर उभी आहे. रिकाम्या हातांनी बसणे त्यांना जमत नाही, त्यामुळे प्रत्येकीपुढे सोलायला मटार होते. पडद्यावर एक आजी गोधडी शिवायला बसली, तेव्हा मागून निकाल आला, "टाका लई मोठा घालतीय." तिच्या घरचा नळ थंडीने गोठला, तेव्हा, "टँकर मागवा म्हणावं. आम्ही काय करतो?"

पुढे नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंद साठीची, आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारी. वडिलांच्या जमिनीपैकी विहिरीजवळचे दहा गुंठे तेवढे उरले होते. त्यातला आपला हिस्सा ती सोमवारी भावाला हक्कसोडपत्राने देणार होती. इकडची रीत अशी, की बहिणीने सही करायची, भावाने साडी द्यायची आणि माहेर चालू ठेवायचे. सही न करणारीला माहेर उरत नाही. साडी भावजयीने सकाळीच पोचवली होती.

माहितीपटात ब्लॅक हिल्सच्या डोंगरांचा भाग आला. मी वाचले, "सरकारने हे डोंगर घेतले. पुढे न्यायालयाने भरपाई मंजूर केली. लाकोटांनी ती घेतली नाही. त्यांना जमीन परत हवी आहे."

"थांबवा जरा," नणंद म्हणाली. "घेतलीच न्हाई?"

"नाही."

"अजून?"

"अजून नाही."

भावजय मटारातून मान वर न काढता म्हणाली, "वन्सं, त्यांची सरकारनं नेली. तुमचा भाऊ हाय."

"भाऊ हाय म्हणूनच इचारते. तिथं बिल्डर आला की माझं माहेर कितव्या मजल्यावर ठेवणार?"

हॉल हसला. भावजय हसली नाही. मटाराचे टोपले बाजूला सारून ती म्हणाली, "माझ्या भावाला मी लग्नानंतर लगेच सही दिली. तवा कुणी थांबवा म्हणालं न्हाई." मग माझ्याकडे वळून, "तेवढंच परत लावा, ताई."

मी तो भाग पुन्हा लावला. या वेळी कोणी मटार सोलले नाहीत.

सोमवारी सकाळी दहाला खाली गाडीचा हॉर्न वाजला. भाऊ बहिणीला नोंदणी कार्यालयात न्यायला आला होता. शेजारी भावजय होती. नणंद गॅलरीत आली आणि म्हणाली, "आज न्हाई येत. माझा हिस्सा माझ्या नावावरच राहू दे."

भाऊ वर बघत राहिला. "अगं, मग माहेर?"

उत्तर गाडीतूनच आले. "माहेरी सैपाक मी करते. रविवारी जेवायला या, वन्सं. आन् अहो, गाडी वळवा, मागं रिक्षा अडकलीय."

गाडी वळली. संध्याकाळी जिन्यात नणंद भेटली, तेव्हा मी साडीचे विचारले.

"ठेवून घेतली," ती म्हणाली. "रविवारी नेसून जाईन की."