अठरावी पायरी

कानिफनाथ खेतमाळीस यांना सगळं ऑफिस नाना म्हणायचं. नानांचा स्वभाव संशयी होता असं म्हणणं म्हणजे नगरला उन्हाळ्यात थोडं ऊन असतं असं म्हणण्यासारखं आहे. गॅसवाल्यानं आणलेली टाकी ते स्वतःच्या काट्यावर पुन्हा तोलत. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी एका दुकानातून घेत आणि तीच आहे ना, हे दुसऱ्या दुकानात दाखवून विचारत. पंचांगातली एकादशीसुद्धा त्यांना शेजाऱ्याच्या पंचांगात पडताळून पाहिल्याशिवाय पटायची नाही.

आता गंमत अशी, की याच स्वभावावर नानांनी उभी नोकरी काढली. मिरजगावच्या शेतकऱ्याचं पोर, अक्षर मोत्यासारखं, हात स्थिर. १९७९ साली ते नगरच्या माळीवाड्यात शामकांत मुळे या आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. सरांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग क्लॉथ अंथरायचं, म्हणजे खळ लावून काचेसारखं आरपार केलेलं तलम कापड, आणि त्यावर तोच नकाशा काळ्या शाईत उतरवायचा. एक थेंब सांडला की चार दिवसांचं काम मातीत. बाकीचे ट्रेसर दिसेल ते गिरवत. नाना मात्र शाईत पेन बुडवण्याआधी नकाशावरचं एकूण एक माप बेरीज करून बघत. भिंत अधिक खिडकी अधिक भिंत, बेरीज जुळते का? वर्षातून दोन-चारदा ती जुळत नसे, आणि मग नाना सरांच्या टेबलापाशी जाऊन नुसते उभे राहत. सर चष्मा काढत, "कुठं चुकलो, नाना?" विचारत. हे विचारायला मोठं मन लागतं आणि सरांकडे ते होतं.

पुढं कॉम्प्युटर आला. ट्रेसिंगचं काम संपलं आणि सरांनी नानांच्या हाती नकाशांची पत्र्याची कपाटं सोपवली. चारशेवर नकाशे होते. सर तीन वर्षांपूर्वी गेले. ऑफिस बंद पडायचंच, पण गेल्या वर्षी त्यांची मुलगी अनन्या पुण्याहून आली. तीही आर्किटेक्ट. जुन्या वास्तुविशारदांची कागदपत्रं जपणारी पुण्यातली एक संस्था सरांचे सगळे नकाशे घ्यायला तयार होती. त्याआधी प्रत्येक नकाशा स्कॅन करायचा आणि सरांच्या निवडक दहा इमारती कॉम्प्युटरमध्ये जशाच्या तशा उभ्या करायच्या, असं ठरलं. त्या कामाला केडगावची राजनंदिनी सातपुते ही बाई ठेवली. तिशीतली, कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या कॅडमध्ये तयार, स्कूटीवर येणारी, कमी बोलणारी. कुठला नकाशा कशाचा हे सांगायला अडुसष्ट वर्षांच्या नानांनाही बोलावणं गेलं.

नानांच्या मनात पहिल्या दिवशीच पाल चुकचुकली. एवढे जुने नकाशे फुकट कोण कशाला नेईल? त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, की पुण्या-मुंबईत मोठ्या हॉटेलांच्या भिंतींवर असले हातचे नकाशे काचेत घालून लावतात. आणि ही बाई बोलत का नाही? जो बोलत नाही तो मनात काहीतरी शिजवत असतो, असं नानांचं मत. नाना स्वतः अखंड बोलत, त्यामुळे हा नियम त्यांना लागू नव्हता.

"ओ मॅडम, नकाशा गुंडाळू नका, सपाट ठिवा," ते दर पाच मिनिटांनी सांगत. संध्याकाळी ती निघाली, की आज काढलेले नकाशे कपाटात परत गेले का ते मोजत. राजनंदिनीला हे दिसत होतं. तिच्या घरात सासू होती, त्यामुळे पाठीमागून कुणीतरी मोजत असण्याची तिला सवय असावी.

भांडण पेटलं ते भिंगारच्या वसतिगृहावरून. १९९० साली एका संस्थेसाठी सरांनी मुलींचं हे वसतिगृह बांधलं होतं आणि त्याचा जिना म्हणजे सरांचा जीव की प्राण. राजनंदिनीनं तळमजला उभा केला, वरचा मजला उभा केला, मधे जिना बसवला आणि तिचा हात थांबला.

"नाना, जिना वर पोचत नाहीये," ती म्हणाली. "सहा इंच कमी पडतोय."

नाना पडद्याजवळ गेले. खरंच, शेवटची पायरी संपत होती आणि वरचा मजला सहा इंच वर लोंबकळत होता.

"प्लॅनमध्ये अठरा पायऱ्या आहेत," राजनंदिनी म्हणाली, "आणि जिन्याच्या सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदात, सतरा. दोन नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत."

"माजे नकाशे? जुळत न्हाईत?" नानांचा आवाज चढला. "तुमच्या मशीननं पायरी खाल्ली आसंल. हातानं काडलेलं हाय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना रिक्षा करून भिंगारला गेले. वसतिगृहाच्या बाईंना कसंबसं पटवलं आणि जिना चढत पायऱ्या मोजल्या. अठरा. उतरताना पुन्हा मोजल्या, कारण चढतानाच्या मोजणीवर त्यांचा भरवसा नव्हता. अठराच.

ऑफिसात येऊन त्यांनी सेक्शनचा मूळ नकाशा उजेडात धरला आणि त्यांना सगळं आठवलं. हा पहिला नकाशा होता. सतरा पायऱ्यांचा. तो पुरा झाल्यावर सरांनी तळमजल्याची उंची सहा इंचांनी वाढवली, हा रद्द केला आणि नानांनी अठरा पायऱ्यांचा नवा काढला. आठ दिवस खपून काढला होता. सर म्हणाले होते, "नाना, असा हात नगर जिल्ह्यात दुसरा नाही." तो नकाशा कपाटात असायला हवा होता. नव्हता. त्याच्या जागी रद्द झालेला होता.

मग नानांनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या दृष्टीनं सरळ होता. कपाटाला इतकी वर्षं आपल्याशिवाय कुणाचा हात लागला नाही. गेल्या चार महिन्यांत एकाच माणसाचा लागला.

"ताई, चांगला नकाशा गायब हाय," ते अनन्याला म्हणाले. ऑफिसात तेव्हा राजनंदिनी होती, चहावाला होता, पुण्याच्या संस्थेचे दोन लोक होते. "रद्दीतला ठिवला आन् चांगला काडून घेतला. आन् वर मलाच सांगतीय, जुळत न्हाई म्हनून. चोराच्या उलट्या बोंबा!"

राजनंदिनी खुर्चीतून उठली. "मी ज्या दिवशी कपाट उघडलं त्या दिवशी हाच होता आत," ती म्हणाली. "तुम्हीच काढून दिलात."

"मी वरून नंबर बगून दिला. आत काय हाय ते तुमी बगितलं."

अनन्याला नाना लहानपणापासून माहीत होते आणि राजनंदिनी चार महिन्यांपासून. संस्थेचे लोक एकमेकांकडे बघत होते. अनन्या म्हणाली, "राजनंदिनी, शोध लागेपर्यंत काही दिवस तू येऊ नकोस. प्लीज." राजनंदिनीनं लॅपटॉप बंद केला, ओढणी सारखी केली आणि ती निघून गेली. नानांना त्या रात्री छान झोप लागली, हे लिहायला मला आवडत नाही, पण लागली.

पुढच्या आठवड्यात नानांची मुलगी निकिता दवाखान्यातून दुसऱ्या बाळाला घेऊन माहेरी आली. बनुबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, ट्रंकेतून निकिताची जुनी झबली काढली. बाळाला पहिल्यांदा नवं घालायचं नाही, जुनेर घालायचं, ही त्यांच्याकडची रीत. झबली धुऊन दोरीवर वाळत घातली होती. नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते. सकाळचं ऊन झबल्यातून आरपार येत होतं आणि त्या उन्हात नानांना झबल्याच्या पाठीवर काहीतरी दिसलं. फिकट राखाडी नागमोडी रेघ. उभी, आडवी, उभी, आडवी.

ते उठले. डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. प्रत्येक आडव्या रेघेवर मुंगीएवढा आकडा होता. बारा. तेरा. चौदा. शिवणीपाशी सतरा. आणि खांद्याच्या जरा खाली, त्यांच्या स्वतःच्या हातचा, शेपटी किंचित वळवलेला अठरा.

ट्रेसिंग क्लॉथ गरम पाण्यात उकळलं की खळ निघून जाते आणि खाली मलमलीहून मऊ सुती कापड उरतं. रद्द झालेला नकाशा ट्रेसरनं घरी न्यायचा, बायकांनी तो उकळून त्याची झबली नाहीतर रुमाल शिवायचे, ही त्या काळी सगळ्या ऑफिसांतली रीत होती. सरांनाही ते ठाऊक होतं. निकिता झाली त्या दिवशी नाना ऑफिसातच होते. दवाखान्यातून निरोप आला, टेबलावर रद्द आणि नवा अशा दोन गुंडाळ्या पडल्या होत्या, एक कपाटात टाकली आणि एक काखोटीला मारून ते पळत सुटले. आयुष्यात तेवढ्याच एका दिवशी त्यांनी काही तपासून पाहिलं नव्हतं. गुंडाळी सासूबाईंच्या हातात दिली आणि त्यांनी ती तशीच उकळत्या पाण्यात टाकली. बांधकाम आधीच काढलेल्या छापील प्रतींवरून झालं, मूळ नकाशा पुन्हा कुणी उघडलाच नाही.

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिला विचार काय आला तेही सांगतो. झबलं सोड्यात उकळावं. चांगलं तासभर. रेघ राहिली नाही की नकाशाही राहिला नाही, आणि इतक्या वर्षांची कपाटाची राखण बेदाग राहिली.

"काय बगताय त्यात?" बनुबाई मागून आल्या. नानांनी सांगितलं. बनुबाईंशी खोटं बोलायचा त्यांना सराव नव्हता.

बनुबाईंनी झबलं दोरीवरून काढलं आणि घडी केली. "त्या पोरीवर आळ घेतलाय तुमी," त्या म्हणाल्या. "चारचौगात."

"मला काय म्हाईत हुतं?"

"म्हाईत नव्हतं तर बोलला कशाला?" एवढं म्हणून त्यांनी घडी नानांच्या हातात दिली. बाळ आत रडत होतं, त्याला दुसरं झबलं घातलं.

नाना ऑफिसात गेले. अनन्याला म्हणाले, राजनंदिनीला बोलवा, त्या दिवशी होते ते सगळे बोलवा. संस्थेच्या लोकांना फोनवर घेतलं, चहावाल्यालाही थांबवून ठेवलं. राजनंदिनी आली आणि दारापाशीच उभी राहिली, बसली नाही. नानांनी झबलं टेबलावर पसरलं आणि काय झालं ते सांगितलं. "चोर मी हाय," ते म्हणाले. "ह्या बाईंनी काय केलं न्हाई. मी लई वंगाळ बोललो."

अनन्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला हसूही आलं. फोनवरचे लोक तर खूशच झाले, हे झबलं प्रदर्शनात ठेवूच म्हणाले. राजनंदिनी हसली नाही. तिनं झबलं स्कॅनरवर ठेवलं, पडद्यावर गडद करून पाहिलं, आकडे वर आले. अठरावी पायरी बसवली. जिना वरच्या मजल्याला टेकला.

मग ती नानांकडे वळली. "नाना, इथं बोललात ते झालं. पण त्या दिवशी मी घरी लवकर का गेले, हे मला सांगावं लागलं. आठ दिवस सासूबाई माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. माझी पर्स उघडून बघतात. त्यांना सांगाल?"

"आत्ताच चला," नाना म्हणाले. अनन्याच्या गाडीतून तिघं केडगावला गेले.

राजनंदिनीच्या सासूबाई कडूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. नानांनी हात जोडले. नकाशा, गुंडाळी, निकिताचा जन्म, उकळतं पाणी, झबलं, सगळं सांगितलं. झबलं उन्हात धरून अठराचा आकडा दाखवला. कडूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. एकदा झबल्याकडे पाहिलं, एकदा अनन्याच्या गाडीकडे, आणि मग सुनेकडे.

"म्हाताऱ्याला कुटून शिकवून आनलंस?" त्या म्हणाल्या. "झबल्यावर कुनी नकाशा काडतं व्हय?"

राजनंदिनी नानांकडे बघत राहिली.

हा संशयाचा आवाज नानांच्या चांगल्या ओळखीचा होता. आजवर त्या आवाजाला कुणाचं उत्तर पटलं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, ओट्यावर कडूबाईंसमोर मांडी घातली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.