सत्तेचाळिसाव्या वर्षी फटफटी

नाथाजी खराडे फटफटी चालवायला शिकले तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं. त्याआधी त्यांनी साध्या सायकलवरही टांग टाकली नव्हती. मी तेव्हा मिरजेला गुरांच्या दवाखान्यात कारकून होतो. त्यामुळे यातलं बरंच मी डोळ्यांनी पाहिलंय. उरलेलं मला त्यांना शिकवणाऱ्या कृष्णातनं आणि पुढं स्वतः नाथाजींनी सांगितलं.

नाथाजी मूळचे वाळव्याकडचे. भाऊ उसाच्या मागं लागले, हे सतराव्या वर्षी पलटणीत गेले. पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाला होते. लष्कराच्या कागदावर त्यांचा हुद्दा ‘ड्रायव्हर’ असा होता, पण हाकायची ती खेचरं. परत आल्यावर जनावरांतला जाणता माणूस म्हणून ते दवाखान्यात चिकटले. डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुवायच्या, मारकी गुरं धरायची आणि साथीच्या दिवसांत गावोगाव लस टोचत फिरायचं, हे त्यांचं काम. पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातले लोक त्यांना डाक्तर म्हणायचे. ते दर वेळी सांगायचे, “मी डाक्तर न्हवं, टोचणारा हाय.” लोक पुन्हा डाक्तरच म्हणायचे.

फिरायला त्यांच्याकडं चंद्री नावाची एक ठेंगणी घोडी होती. चव्वेचाळीस साली ती म्हातारी झाली होती. त्या उन्हाळ्यात जतच्या बाजूला बुळकांडी लागली. या रोगात गुरांचं तोंड आतून सोलवटतं, डोळे गळतात, ढाळ लागतात आणि आठवड्याभरात गोठा रिकामा होतो. एकदा लागल्यावर औषध नाही. लागण्याआधी लस टोचली तरच जनावर वाचतं. ती लस बर्फात ठेवावी लागे. बर्फ संपला आणि लस तापली, की ती ओतून टाकायची असा नियम होता.

लसीची पेटी पुण्याच्या गाडीनं मिरजेला यायची. पूर्वेकडं जाणारी छोटी रेल्वे होती, पण ती आधीच सुटून गेलेली असे, आणि तिच्या स्टेशनापासूनही साथीच्या तोंडावर असलेल्या लवणवाडीला जायला नुसतं माळरान होतं. नाथाजी पेटी घेऊन घोडीवरून निघाले. कवठ्याच्या पुढं अग्रणी नदीच्या कोरड्या वाळूत चंद्रीचा पाय मुरगळला. मग लगाम धरून ते चालत राहिले. लवणवाडीला पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार टळली. पेटी उघडली तर बर्फाचं पाणी झालं होतं आणि पाणी कोमट होतं.

समोर पन्नास-साठ जनावरं ओळीनं बांधलेली. माणसं सकाळपासून वाट बघत उभी. नाथाजींनी थोडा वेळ पेटीत हात घालून ठेवला, आणि मग सुई भरली. लसीत जरा तरी गुण उरला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

बारा दिवसांनी रोग वाडीत शिरला. एकोणीस जनावरं गेली. त्यांत अर्जुना नावाच्या माणसाची खिलार बैलजोडी होती. अर्जुनाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरणारं. रान धरून शेतीला लागलेला त्याच्या घरातला तो पहिलाच, आणि ती जोडी त्यानं वासरापासून वाढवलेली. महिन्याभरानं तो मिरजेला आला आणि दवाखान्याच्या दारात उभं राहून नाथाजींना विचारू लागला, की आमचं काय चुकलं? नाथाजी म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही, साथच दांडगी होती. अर्जुनानं मान हलवली आणि तो गेला. मी तिथंच बसलो होतो. नाथाजींनी अहवालात ‘लस टोचली’ एवढंच लिहिलं होतं, आणि तो कागद मीच फायलीला लावला होता. खरं काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोला, बनुबाईंनाही नव्हतं.

चंद्री पुढच्याच वर्षी गेली. नाथाजी बैलगाडीनं, नाहीतर पायी फिरू लागले.

अठ्ठेचाळीस साली लढाईतल्या उरलेल्या सामानातून एक मोटारसायकल आमच्या दवाखान्याच्या वाट्याला आली. हिरवी, बोजड, पुढच्या चाकाला पोचा आलेली. आमचे डॉक्टर मानसिंगराव तिशीतले, भला माणूस, पण त्यांच्या कंबरेत उसण भरायची. त्यांनी ती ताडपत्रीखाली झाकून ठेवायला सांगितली. चार महिने ती तशीच पडून होती. शिपायाची कोंबडी तिच्या सीटवर बसायला लागली होती.

कृष्णात दुसऱ्या लढाईत इटलीत होता. फटफटीवरून लष्कराचे निरोप पोचवायचं काम त्यानं केलं होतं, आणि आता मिरजेत स्टेशनच्या अलीकडं त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. नाथाजींनी एके दिवशी त्याला विचारलं, की ह्या गाडीवर लवणवाडीला जायला किती वेळ लागेल.

“रस्ता असंल तर दोन-अडीच तास,” कृष्णात म्हणाला.

“निम्म्या वाटंला रस्ता न्हाई.”

“मग मामा, ते गाडीवर न्हाई, बसणाऱ्यावर हाय.”

दुसऱ्या दिवशी नाथाजी डॉक्टरांपुढं उभे राहिले आणि मी ही गाडी शिकतो म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्या वयाची आठवण करून दिली. या वयात मोडलेलं हाड लवकर सांधत नाही, म्हणाले. नाथाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. डॉक्टरांनी किल्ली दिली नाही, कारण त्या गाडीला किल्लीच नव्हती. त्यांनी नुसता ‘जा, शिका’ असा हात हलवला.

रोज सकाळी सहा वाजता कृष्णाघाटाखालच्या वाळवंटात शिकवणी सुरू झाली. पहिले पंधरा दिवस नाथाजी पडतच होते. घोड्यावरची सवय आड येत होती. गाडी बिचकली की ते मांड्या आवळायचे, आणि थांबवायची वेळ आली की ब्रेक दाबायचं सोडून तोंडानं “हो, हो” म्हणायचे. एकदा गाडी अंगावर आली आणि धुराच्या तापलेल्या नळीनं पोटरी भाजली. तळहाताएवढा फोड आला. त्यांनी दवाखान्यातलं बैलाच्या जखमेचं मलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाला हजर झाले.

कृष्णात मोजकं बोलायचा. वाळूत गाडी डगमगली तर भिऊन वेग कमी करू नका, उलट थोडा वाढवा. दगडाधोंड्यांत बसून राहू नका, पायांवर उभे राहा. ज्या दगडाकडं बघाल त्याच्यावरच जाल, म्हणून बघायचं ते वाटेकडं. ही तिसरी गोष्ट शिकायला नाथाजींना सगळ्यांत जास्त दिवस लागले. दगड दिसला की नजर हटत नसे.

बनुबाईंना हे खूळ पसंत नव्हतं. घोडं तरी जीव लावायचं, ह्या लोखंडाला काय कळतंय, असं त्या माझ्यापाशी म्हणाल्या. पण नाथाजींचे गुडघे रोज सोललेले बघून त्यांनी जुनी वाकळ फाडली आणि तिच्या दोन जाड गाद्या शिवल्या, गुडघ्यांना बांधायला. त्या बांधून नाथाजी बाजारपेठेतनं निघाले की लोक हसत.

तीन महिन्यांनी ते वाळूत पडेनासे झाले. मग कृष्णातनं त्यांना नांगरटीत घातलं, मग ओढ्यात, मग बाभळीच्या रानात. काट्यानं चाक पंक्चर झालं की स्वतः काढून, जोडून, हवा भरायची. कृष्णात झाडाखाली बसून विडी ओढायचा, हात लावायचा नाही.

एकोणपन्नासच्या चैत्रात जतकडं पुन्हा बुळकांडी आली. लवणवाडीपासून चार कोसांवर दोन जनावरं मेल्याची खबर होती. पुण्याच्या गाडीनं पेटी आली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. नाथाजींनी ती भुसा भरलेल्या खोक्यात ठेवली, वर वाकळ गुंडाळली आणि मागच्या सीटला दोरानं आवळली. डॉक्टर ओसरीवर उभे होते. संभाळून जा, एवढंच म्हणाले.

कवठ्यापर्यंत रस्ता होता. तिथून पुढं अग्रणी. पात्र कोरडं होतं, वाळू भुसभुशीत. पहिल्या खेपेला मधोमध चाक रुतलं आणि ते आडवे झाले. त्यांनी आधी पेटी तपासली, मग गाडी उचलली. तेवढं वजन त्यांनी एकट्यानं कसं उचललं ते त्यांनाही नंतर सांगता येईना. गाडी मागं ढकलत काठावर आणली, चाकांतली हवा थोडी कमी केली, आणि दुसऱ्या खेपेला उभं राहून, समोरच्या काठावरच्या चिंचेवर नजर ठेवून, ते पार झाले. त्यानंतर एक ओढा आणि मग कुसळाचा माळ. माळावर मागच्या चाकात काटा घुसला. उन्हात बसून त्यांनी ते जोडलं. पेटी तेवढा वेळ स्वतःच्या सावलीत ठेवली.

लवणवाडीला ते एकच्या सुमाराला पोचले. आवाज ऐकूनच लोक जमले होते. अर्जुनाही होता, नव्या बैलाचं दावं हातात धरून.

नाथाजींनी पेटी उघडली. अर्ध्या विटेएवढा बर्फ शिल्लक होता. त्यांनी तो बाहेर काढून सगळ्यांना दाखवला, लोकांच्या हातात दिला. मग म्हणाले, “ह्यो बर्फ असला तरच लस लागते. चव्वेचाळीस साली पेटीत नुसतं कोमट पाणी व्हतं. मला ठावं व्हतं. तरी मी टोचलं.”

अर्जुना पुढं आला.

“मी मिरजंला आल्तो, तवा तुमी साथ दांडगी व्हती म्हनला.”

“व्हय.”

“आन्‌ सांगाया पाच वर्सं लागली.”

“व्हय.”

“आज बर्फ ऱ्हायला नसता तर?”

नाथाजी म्हणाले, “तर टोचलं नसतं. पर हे सांगितलं असतं का, ते मला म्हाईत न्हाई.”

अर्जुनानं आपला बैल ओळीच्या शेवटाला नेऊन बांधला आणि म्हणाला, “आधी बाकीच्यांची टोचा. मी हितं हुबा ऱ्हातो.” आणि तो खरंच प्रत्येक जनावरापाशी उभा राहिला. सुई भरताना बघायचा, पेटीचं झाकण लावलं का ते बघायचा. ऊन उतरणीला लागलं तेव्हा शेवटी त्याच्या बैलाची पाळी आली. बैलाचं शिंग त्यानं स्वतः धरलं.

त्या साथीत लवणवाडीचं एकच वासरू गेलं, तेही ओळीत न आणलेलं. नाथाजींनी परत आल्यावर डॉक्टरांना चव्वेचाळीसची हकीकत सांगितली आणि ती माझ्याकडून कागदावर लिहून घेतली. डॉक्टरांनी ती वाचली, वरिष्ठांकडं पाठवली. वरून नोकरीच्या नोंदीत एक शेरा आला, बाकी काही झालं नाही. त्या रात्री त्यांनी बनुबाईंनाही सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बनुबाईंनी मला विचारलं, की त्या अर्जुनाला बायकापोरं किती. मी सांगितलं.

अर्जुना पुढं कधी नाथाजींशी मोकळं बोलला असं नाही. पण पावसाळ्यानंतर ते त्या बाजूला गेले तेव्हा ओढ्याच्या उतरणीवरचे मोठे दगड कुणीतरी कडेला लोटून वाट केली होती. कुणी केली, हे त्यांनी विचारलं नाही.

मला वाटलं होतं, एवढ्यावर नाथाजींचं फटफटीचं वेड संपेल. तसं झालं नाही. कृष्णातनं मोडक्या भागांतून एक गाडी स्वतःसाठी उभी केली होती. सुट्टीच्या दिवशी नाथाजी ती मागून घ्यायचे आणि दंडोबाच्या डोंगराकडं जायचे. बनुबाईंनी एकदा मला अडवून विचारलं, की डोंगरात कुणाची गुरं आजारी आहेत? मी म्हटलं, कुणाची नाहीत. त्यांनी मग नवऱ्यालाच गाठलं.

“आवं, मग जाता कशापायी?”

नाथाजींनी विचार केला. “एक चढ हाय,” ते म्हणाले. “वर जाता येत न्हाई.”

“मग सकाळच्या पारी जावा. उन्हात नगं,” बनुबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो चढ सुट्या मुरमाचा होता, मधे एक वाकण. वाकणावर मागचं चाक फिरायचं आणि गाडी खाली घसरायची. सात सुट्ट्या नाथाजी तिथं पडले. आठव्या वेळी मी आणि कृष्णात खालून बघत होतो. वाकणावर गाडी डळमळली, नाथाजी उभे राहिले, धूळ उडाली आणि ते दिसेनासे झाले. मग वरून इंजिनाचा संथ आवाज ऐकू आला.

आम्ही चढून गेलो तेव्हा ते गाडीपाशी उकिडवे बसले होते. टोपी निघाली होती, कपाळावर धूळ आणि घाम. त्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही. पलीकडच्या बाजूला मान लांबवून ते खाली बघत होते.

“कृष्णात,” त्यांनी विचारलं, “हिकडनं उतराया वाट हाय का रं?”

“हाय मामा. पर लय खडी हाय.”

“असू दे,” नाथाजी म्हणाले, आणि गुडघ्यांच्या गाद्या पुन्हा आवळून बांधू लागले.