पेरूच्या वासाचं बॅरल

पेनसिल्व्हेनियातल्या एका डिस्टिलरीच्या मालकाने आम्हाला फसवलं. आम्हाला म्हणजे मला आणि काकांना. मला त्याने एका बॅरलच्या जागी दुसरं दिलं, एवढंच. माझं काही बिघडलं नाही, बाटल्या खपल्या. काकांचं काय गेलं ते कळायला आधी काका कळायला हवेत.

काका व्हिस्की अशी ओळखायचे: डाव्या तळहातावर दोन थेंब घ्यायचे. तळव्यावर तळवा घासायचा, ओंजळ नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे. समोरचा काही बोलायला गेला की डोळे न उघडताच म्हणायचे, "थांब. अजून सांगतेय ती." कधी कधी ती पाच-पाच मिनिटं सांगत असे. तेवढ्यात काउंटरवर माझी चार गिऱ्हाइकं होऊन जायची.

माझं न्यू जर्सीत पिस्कॅटवेजवळ दारूचं दुकान आहे. आठ वर्षं गॅस स्टेशनवर थंडीत उभा राहून, मग एका पटेलांकडे कॅशवर बसून, मग त्यांच्याशीच भांडून मी ते घेतलं. मराठी मंडळातले लोक त्याला दुकान म्हणत नाहीत, 'तुमचा बिझनेस' म्हणतात आणि दिवाळीच्या आधी डिस्काउंट मागायला येतात. मी घासाघीस केल्याशिवाय कुणाला काही दिलेलं नाही आणि कुणाकडून काही घेतलेलंही नाही. माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे. डिस्ट्रिब्युटरची माणसं मला घाबरतात, याचा मला अनेक वर्षं अभिमान होता.

काका पहिल्यांदा आले ते कुणाला तरी भेट द्यायला वाइन हवी म्हणून. दारातच थबकले, मान वर करून दोनदा श्वास घेतला आणि विचारलं, "मागे मोटर आहे का कुठली? वायरचं प्लास्टिक तापतंय." मी म्हटलं, काका, मी इथे रोज बारा तास असतो, मला कसला वास येत नाही. त्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे. बारा तास असतोस म्हणूनच येत नाही." दुपारी कूलरच्या मागून धूर निघाला. दुसऱ्या दिवसापासून काउंटरच्या आत त्यांच्यासाठी एक खुर्ची आली.

नाक हाच त्यांचा धंदा होता. दादरला वाढले, रसायनशास्त्र शिकून इथे आले आणि न्यू जर्सीच्या एका कंपनीत तीस-पस्तीस वर्षं वास आणि चवी तयार करत राहिले. आइसक्रीममधला आंबा, खोकल्याच्या औषधातली चेरी, च्युइंगममधली दालचिनी. "या देशातली किती पोरं माझा आंबा चाटून मोठी झाली असतील," असं हसत म्हणायचे. मग हसू ओसरलं की पुढचं वाक्य यायचं: "डब्यावर नाव कंपनीचं. आमचं नाक फक्त पगारी."

पूर्ण पेग घेताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही. ओठ ओले केले की झालं. काकू गेल्यापासून एकटेच राहत होते, करोना झाला तेव्हाही एकट्यानेच निभावलं, स्वतः स्वयंपाक करायचे, स्वतः गाडी चालवायचे. संध्याकाळी माझ्याकडे यायचे, नव्या आलेल्या बाटल्यांचा वास घ्यायचे आणि मला शिव्या द्यायचे. मला 'शेठ' म्हणत. "शेठ, ही बाटली नाही, बाटलीचं लेबल चांगलं आहे. तुझ्या लोकांना तेच लागतं, घे भरपूर." मंडळाच्या गणपतीत श्रीखंडाच्या पातेल्यावर वाकून त्यांनी एकदा सांगितलं, वेलदोडा गेल्या वर्षीचा आहे. करणारी बाई दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. वेलदोडा खरंच गेल्या वर्षीचा होता.

मोठी दुकानं डिस्टिलरीत जाऊन व्हिस्की मुरवलेलं एक अख्खं लाकडी बॅरल चाखून निवडतात. ते एकच बॅरल त्यांच्यासाठी बाटल्यांत भरलं जातं आणि लेबलवर दुकानाचं नाव येतं. रिकामं झालेलं बॅरलही दुकानात आणून मांडायचं, ही रीत. मलाही एकदा ते करायचं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात एका आयरिश माणसाने डिस्टिलरी काढली होती. आयर्लंडबाहेर केलेल्या व्हिस्कीला आयरिश म्हणायला कायद्याने बंदी, म्हणून बाटलीवर तो शब्द नव्हता. पण रीत त्याच्या आजोळची होती: मोड आलेले आणि कच्चे जव एकत्र, तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून तीनदा ऊर्ध्वपातन. मी काकांना म्हटलं, चला, तुम्ही निवडा. लेबलवर 'निवड' म्हणून तुमचं नाव छापतो.

ते चष्मा काढून पुसत बसले. दुसऱ्या दिवशी मात्र फोनवर सूचना सुरू झाल्या. दोन दिवस आधीपासून लसूण नाही, कांदा नाही, वासाचा साबण नाही, आफ्टरशेव्ह तर नाहीच. मी हो म्हटलं आणि सकाळी भाकरीबरोबर चमचाभर लसणाची चटणी खाल्ली. गाडीत बसताक्षणी त्यांनी चारही काचा खाली केल्या. फेब्रुवारी होता. अडीच तास मी कानटोपी ओढून गाडी चालवली आणि ते मफलर गुंडाळून शांतपणे बाहेरचं बर्फ बघत बसले.

डिस्टिलरीच्या गोदामात बाहेरच्यापेक्षाही थंडी होती. मालक उंच, गोड बोलणारा. त्याने पाच बॅरलं काढून ठेवली होती. एकेकाचं बूच काढून तांब्याची लांब नळी आत सोडायचा, वरून अंगठा दाबून बाहेर काढायचा आणि ग्लासात धार सोडायचा. दुसरं बॅरल आधी शेरी नावाच्या वाइनचं होतं, व्हिस्की त्यात मुरून गडद तांबडी झालेली. मला तेच हवं होतं, रंग बघून गिऱ्हाईक बाटली उचलतं. काका चौथ्याकडे तीनदा परत गेले. आधी बर्बनसाठी, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीसाठी, वापरलेलं साधं बॅरल, व्हिस्की गवताच्या रंगाची.

"अहो, पण फिकी दिसते," मी म्हटलं.

"तू भाव बघ शेठ. हे मला बघू दे." त्यांनी ओंजळ नाकाशी धरली. बराच वेळ गेला. मग डोळे मिटूनच ते मराठीत सांगायला लागले. "सातूचं पीठ. गूळ. काळी मिरी, पण लांबून. आणि आता बघ... पेरू. पिकलेल्या पेरूची साल. हा कुणी घातलेला नाही रे. मी आयुष्यभर घालत आलो, मला कळतं. हा आपणहून आलाय."

डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. थंडीमुळे, असं ते म्हणाले.

निवडलेल्या बॅरलवर सही करायची असते. मालकाने जाड मार्कर दिला. काकांनी बॅरलच्या तोंडावर मराठीत पूर्ण नाव लिहिलं, खाली ठळक रेघ ओढली. येताना मला भूक लागली तर त्यांनी स्वतःहून मला कांद्याची भजी घेऊन दिली, म्हणजे बघा.

तीन महिन्यांनी बाटल्या आल्या. रिकामं बॅरल आलं नाही. मालक फोनवर हळहळला: फोर्कलिफ्टखाली फळ्या फुटल्या. आता तुम्ही म्हणाल, इथे तरी तुला शंका यायला हवी होती. मला शंका नाही आली, मला संधी दिसली. मी आवाज चढवला आणि बॅरलच्या बदल्यात दोन खोकी बाटल्या जास्तीच्या उकळल्या. दिवसभर खूश होतो.

संध्याकाळी काका आले. लेबलवरचं स्वतःचं नाव बोटाने वाचलं. मग बाटली उघडली, थेंब घेतले, ओंजळ धरली. त्यांनी मला थांबही म्हटलं नाही. हात खाली करून म्हणाले, "ही ती नाही."

मी मालकाला फोन लावला. तो म्हणाला, बॅरलचा नंबर तोच आहे, कागद तपासून बघा. कागदावर तोच नंबर होता. काकांनी पुन्हा वास घेतला. "सातू आहे, गूळ आहे. पेरू नाही. शेवटी ओला पुठ्ठा येतोय. माझं नाव काढ यावरून." दोनशेच्या वर बाटल्या, लेबलं चिकटलेली. दुकानात गर्दी होती आणि माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "काका, बाटली नाही बदलली. करोना झाल्यापासून तुमचं नाक गेलंय. वय झालं, मान्य करा."

ते खुर्चीत बसले नाहीत. घरी गेले.

गर्दीत मंडळाची दोन माणसं होती. महिन्याभरात ही गोष्ट सगळीकडे पोचली. कोजागरीला कुणीतरी दुधाचा ग्लास त्यांच्या नाकाखाली धरला, "काका, ओळखा बघू केशर आहे की रंग?" लोक हसले. काकांनी ग्लास बाजूला ठेवला. मला वाटतं, तेव्हा त्यांची स्वतःवरचीच खात्री डळमळायला लागली होती. फोडणी जळलीय का, हे विचारायला शेजारणीला बोलवायला लागले, असं ती मला सांगत होती.

त्यांची मुलगी लांब, नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला असते. इथेच जन्मलेली, हुशार, बापावर जीव. तिच्या कानावर गेलं आणि ती विमानाने आली. वास जाणं हे मेंदूच्या एका आजाराचं पहिलं लक्षण असू शकतं, हे तिने वाचलेलं. डॉक्टरकडे वासाची परीक्षा झाली: कागदावर नखाने खरवडायचं, हुंगायचं, चारपैकी एका पर्यायावर खूण करायची. काकांनी बरेच प्रश्न कोरे सोडले. डॉक्टरने विचारलं तर म्हणाले, हा द्राक्षाचा वास नाही, द्राक्ष म्हणून जे विकतात त्या रसायनाचा आहे. तो पर्याय यात नाही. डॉक्टरने मार्क कापले. अशा माणसाला अशा परीक्षेला बसवलं, यावर हसावं की काय करावं, मला आजही कळत नाही.

मुलीने गाडीची किल्ली काढून घेतली. गॅस गळला तर कळणार नाही म्हणून त्यांना एकटं ठेवायला तयार होईना. शेवटी घर विकून त्यांना मॉरिसव्हिलला नेलं. जायच्या आधी ती दुकानात आली, माझे आभार मानले. "काका, थँक यू. तुम्ही नोटिस केलं म्हणून कळलं. आय वॉज सो फार अवे."

मी म्हटलं, त्यात काय.

तिथून त्यांचा एकदाच फोन आला. तब्येत विचारली, धंदा विचारला. मग म्हणाले, "शेठ, इथे विजेची शेगडी आहे. जावई चांगला आहे. सगळे जेवताना मला विचारतात, बाबा, वास येतोय का? मी हो म्हणतो. ते एकमेकांकडे बघतात." मग हळू विचारलं, "येत असेल का रे खरंच? की मला वाटतं?"

गिऱ्हाईक उभं होतं. मी नंतर करतो म्हटलं. केला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले.

या वसंतात एक गिऱ्हाईक त्याच डिस्टिलरीची टूर करून आलं आणि फोनवर फोटो दाखवायला लागलं. बायको, मेव्हणे, हातात ग्लास. त्यांच्या पाठीमागे खालच्या रांगेत एक बॅरल, त्यावर मराठी अक्षरं आणि खाली ठळक रेघ.

दुकान बंद करून मी निघालो. मालक तसाच गोड हसला, मग मी बॅरलसमोर उभा राहिलो तेव्हा हसायचा थांबला. आधी म्हणाला, नंबर लिहिताना चूक झाली. मग म्हणाला, कुणाच्या तरी हातून झालं. शेवटी म्हणाला, ते फार चांगलं निघालं होतं, सोडवेना. आणखी मुरवून स्वतःच्या नावाने काढायचं होतं. शेजारचं बॅरलही वाईट नव्हतं. आणि तुम्ही तक्रार कुठे केलीत, तुम्ही तर दोन खोकी घेतलीत.

त्याने नळी सोडली, ग्लास पुढे केला. मला दारूतलं दरापलीकडे काही कळत नाही. पण मलासुद्धा पेरू आला.

मग तो म्हणाला, हे पूर्ण बॅरल घेऊन जा, फुकट. माझ्या आयुष्यात कुणी असं काही म्हणालं नव्हतं. मी त्याला सांगितलं, बॅरल नको. मॉरिसव्हिलला एक मुलगी आहे. तिला फोन कर आणि सांग की तिच्या बापाचं नाक शेवटपर्यंत शाबूत होतं. तो म्हणाला, वकिलाला विचारतो. त्याला दोन महिने झाले. मी मालकाला तीन पत्रं पाठवली, प्रत्येकात तिचा नंबर लिहिला. मी ओरडलो नाही. आता ओरडायला ताकद लागते.

तुम्ही म्हणाल, तूच सांग तिला. सांगेन. पण दुकानदाराने सांगितलेलं तिला सांत्वन वाटेल. ज्याने केलं त्याच्या तोंडून ऐकलं तर खरं वाटेल. मग ती विचारेल, बाबांचं नाक गेलं असं पहिल्यांदा कोण म्हणालं. त्याचं उत्तर मी देईन, फोन न ठेवता देईन. पण बॅरल का बदललं, याचं उत्तर त्यानेच द्यायचं आहे, आणि ते मला नाही, तिला द्यायचं आहे.