रश्श्याच्या बादलीतलं कॉकटेल

१४ मे २००३. माझ्या वहीत त्या दिवसाचं काम लिहिलंय: पुदिना, चार जुड्या, निवडणे. मटणासाठी नव्हे, कॉकटेलसाठी.

अण्णा हॉटेलचे मालक, मी त्यांचं स्वयंपाकघर सांभाळायची. नात्यातली नव्हे, पण हॉटेलात सगळे मला वैनीच म्हणत. अण्णा लिंगायत घरातले. मटण खात नसत, दारूला तर शिवतही नसत. तरी जेवणाच्या हॉलशेजारी त्यांनी कॉकटेल बार काढला. पितळी दिवे, उंच स्टुलं, नाजूक देठाचे ग्लास. कोल्हापुरात तसं दुसरं काही नव्हतं. "यातलं चांगलं कुठलं?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की अण्णा सांगत, "मला काय ठावं? मी घेत न्हाय. पर रंग झकास हाय की." खोटं त्यांच्या तोंडातून निघतच नसे. धंद्याला ही मोठीच अडचण.

महिनाभरात बार एकदाच भरला. गल्लीतली लाईट गेली होती आणि जनरेटर फक्त आमच्याकडे होता.

जागा थोरल्या भावाच्या, दादांच्या नावावर. त्यांना तिथं टायरचं दुकान हवं होतं. दादांना खाणंपिणं सगळं चालायचं. त्या दुपारी ते जेवून, पिऊन बारचा निकाल लावणार होते.

दादांचा पहिला ग्लास संपला. रिकामं भांडं अण्णांना बघवत नसे. आमच्याकडे वाटीतला पांढरा रस्सा संपायच्या आत वाढतात. अण्णांच्या मते कॉकटेललाही तोच नियम.

"वैनी, बादली द्या."

"कशाला?"

"एवढ्याशा ग्लासात कुणाचं पोट भरतंय?"

रश्श्याच्या बादलीत त्यांनी कॉकटेल कालवलं, वर पुदिना पेरला आणि रस्सा वाढायचं वगराळं घेऊन दादांपुढे उभे राहिले.

"घ्या की, दादा."

"बास."

"वाईच. पुदिना हाय, पचतंय."

दादांनी ग्लासवर हात धरला. अण्णांनी बोटांच्या फटीतून वाढलं.

सहाव्या वगराळ्याला दादा म्हणाले, "आता निकाल सांगतो," आणि टेबलावर डोकं ठेवून झोपले. अण्णा मात्र समाधानी. "पोटभर जेवलं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा यायच्या आत मी अण्णांना मागच्या दारानं मंडईत धाडलं. दादा डोकं धरून आले.

"काल मी काय ठरीवलं?"

"बार राहू दे म्हणालात. टायरचं दुकान कळंब्याला."

ते बराच वेळ आठवत बसले. मग म्हणाले, "व्हय, बरोबर ठरीवलं."

मी त्यांना ताक दिलं. एकच ग्लास.