बिनधुराची चूल आणि आईचा हात

आमच्या वस्तीत कुणाचा आवाज हरवला असता तर तो माझ्याकडे सापडला असता. दूधवाल्याचा माझ्याकडे होता, गिरणीच्या भोंग्याचा होता, आणि खाप्याच्या शाळेतल्या हेडमास्तरांचा तर खोकल्यासकट होता. खाप्याला मी मामाकडे राहून मॅट्रिक झालो. नागपूरला घरी परत आलो तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी, एक सेकंड क्लास आणि हे सगळे आवाज आणले. पेटी अजून कामाची आहे. सेकंड क्लासचं विचारू नका.

बाबा गिरणीतून आले की मी नकला करायचो आणि ते पोट धरून हसायचे. आई हसायची नाही. "तोंड हाय का रेडिओ," एवढं म्हणायची आणि फुंकणी घेऊन चुलीकडे वळायची. सगळ्या वस्तीला हसवलं, पण आई काही हसत नव्हती.

घर आमचं दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. पण आमचं स्वतःचं, भाड्याचं नाही. ही गोष्ट आई पाहुण्याला पाण्याचा गिलास द्यायच्या आधी सांगायची. शहर वाढत वाढत आमच्या खेड्यापर्यंत आलं आणि आम्ही जागचे न हलता नागपूरकर झालो. माकडांना मात्र हे कुणी कळवलं नाही. ती पहिल्यासारखीच आंब्यावरून आमच्या सैपाकघराच्या छपरावर उड्या टाकायची. दर उन्हाळ्यात बाबा वर चढून कवेलू फेरायचे, म्हणजे सगळे उतरवायचे, झाडायचे आणि साबूत असतील तेवढे परत लावायचे. दर वर्षी साबूत कमी निघायचे. उरलेल्या जागी तेलाचे डबे कापून केलेले पत्रे यायचे. वासेही मधोमध वाकले होते. बाबा म्हणायचे, "छप्पर नमस्कार करून राहिलं आपल्याले. करू दे."

आईला ते हसण्यावारी नेता येत नव्हतं, कारण त्या छपराखाली तीच बसायची. मामा दुरुस्ती करून द्यायला तयार होता. आई म्हणाली, "पोट्टं शिकवलं त्यानं. आता छप्परही त्याच्याच डोक्यावर ठेवू काय?"

त्याच सुमारास ते साहेब आले. वस्तीतल्या देवळासमोर जीप थांबली, माईक लागला आणि धरमपेठेतल्या इस्त्रीच्या पँटमधले एक गृहस्थ बोलायला लागले. "भगिनींनो, म्हणजे असं बघा, धूर हा गृहिणीचा छुपा शत्रू आहे." दर वाक्याला 'म्हणजे असं बघा' आणि दर दोन वाक्यांना पँट वर ओढायची. मला तर दिवाळी आल्यासारखं झालं.

योजना साधी होती. ज्यांचं घर स्वतःचं आणि कमाई थोडी, त्यांना सरकारकडून बिनधुराची चूल. दोन तोंडांची, आतून धुराला वाट, आणि धूर पाइपातून छपराच्या बाहेर. पाइप सरकारचा, मिस्त्रीही सरकारचा. पाइप धरायला वरचं छप्पर धड पाहिजे, म्हणून चूल चालू आहे हे साहेबांनी येऊन पाहिलं की त्या खोलीचे वासे आणि कवेलूही मिळणार.

घरी येऊन मी आईला सांगितलं. "फुकटचं नाही पाह्यजे," आई म्हणाली. विषय संपला.

मग मी पँट वर ओढली. नाकातून आवाज काढला. "बाई, म्हणजे असं बघा, आपण घरपट्टी भरता ना?"

ती कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या चुलीत सारत होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, धुराचं. तिनं वर पाहिलं आणि पदर सावरला. नक्कल आहे हे तिला माहीत होतं, पण साहेबाशी बोलताना बाईनं पदर सावरायचा असतो. "भरतो ना साहेब. कधी उशीर नाही केला."

"मग हे फुकटचं कसं? तुमचंच तुमच्याकडे परत येऊन राहिलं."

"साहेब असं नाही बोलत," आई म्हणाली. "ते 'येत आहे' म्हणतात."

"परत येत आहे," मी दुरुस्त केलं.

आईनं विचार केला. माझ्याशी ती इतकं कधी बोलली नसती. "पण साहेब, माती माझी राहील. विटा आम्ही आणू. मिस्त्रीच्या हाताखाली माया पोट्टा राबंल."

शेवटची अट साहेबाला पसंत नव्हती, पण तो अडकला होता.

चूल झाली. पहिल्या दिवशी अख्खी गल्ली आमचा धूर पाहायला अंगणात उभी होती. आत सैपाकघरात भिंतीवरच्या देवाचं तोंड स्पष्ट दिसत होतं आणि वर पाइपातून धूर सरळ चालला होता. शेजारची काकू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय वं, घराची गिरणी केली काय? भोंगा कधी वाजवतं?" भोंगा मी लगेच वाजवला.

आईला त्या चुलीचा इतका अभिमान की विचारू नका. आमच्याकडे चूल पोतारल्याशिवाय पेटवत नाहीत. सकाळी उठायचं, राख काढायची, पांढऱ्या मातीच्या पाण्यात फडकं बुडवायचं आणि चुलीवरून हात फिरवायचा. आई म्हणायची, बिनपोतारलेली चूल म्हणजे तोंड न धुता आलेला माणूस. ही चूल तर सरकारातून आलेली, पाहुणीच. तिला आई बाहेरून पोतारायची आणि आतूनही पोतारायची, एकही सकाळ न चुकवता. गल्लीतल्या बाया मुद्दाम पाहून जायच्या, एवढी चकचकीत.

काही महिन्यांनी चूल कुरकुरायला लागली. आधी थोडा धूर मागे यायचा, मग जास्त, मग सगळाच. पाइप मोकळा होता, मी वर चढून पाहिला. राख साफ होती. आई परत डोळे पुसत भाकरी टाकायला लागली आणि वर पाइप नुसता आकाशाकडे पाहत उभा. काकू म्हणाली, "सरकारी चूल वं ते. दुपारी सुट्टीवर जात असंल."  आई नुसती छपराकडे पाहायची. वासे आणखी वाकले होते, आणि साहेब त्याच आठवड्यात येणार असा निरोप होता.

मी सुचवलं की सैपाक बाहेर तीन विटांवर करून ठेवू, साहेब आले की आत नुसती गरम भाजी दाखवू. बाकीचं मी बोलण्यात निभावून नेतो.

"अन् मंग त्या छपराखाली मी कोणतं तोंड घेऊन बसू?" आई म्हणाली.

साहेब दुपारी आले. बाबा गिरणीत होते. काकू दारात, तिच्यामागे दोनचार बाया. आईनं मूठभर पऱ्हाट्या पेटवल्या. धूर पुढच्या तोंडातून निघाला आणि थेट साहेबांकडे गेला. साहेब खोकले. चांगला होता तो खोकला, मी लक्षात ठेवला. आईनं पटकन पाणी शिंपडून विझवलं.

"बाई, म्हणजे असं बघा," साहेब डोळे पुसत म्हणाले, "ही चालत नाही. मला 'बंद' असं लिहावं लागेल. मग छपराचं पुढच्या वर्षी बघता येईल." पुढच्या वर्षापर्यंत छप्पर थांबणार नव्हतं, हे वर पाहून कुणालाही कळलं असतं. साहेबांनीही वर पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "तुम्ही रोज वापरता कशी ते तरी दाखवा."

आईनं पदर तोंडाशी धरला. साहेबासमोर, सगळ्या बायांसमोर, चुलीपुढे फतकल मारून दाखवायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं. ती जागची हलेना.

"मी दाखवतो," मी म्हटलं.

कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा आडवा ठेवला, ही झाली चूल. टॉवेल डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला, ही झाली आई. मग मी सकाळ केली. आधी गुडघ्यावर हात ठेवून उठणं, "उठ रे पोट्ट्या, सूर्य डोक्यावर आला" हे अंधारात म्हणणं, पाटाला पायानं सरळ करणं. काकू हसायला लागली. साहेबांच्या मिशा हलल्या. मी राख काढली, फडकं बुडवलं, डब्यावरून हात फिरवला, थोडं मागे सरून मान तिरपी करून चुलीकडे पाहिलं, जसं लग्नातल्या नवरीकडे पाहतात. मग हात आत घातला आणि बोटं गोल फिरवली.

"थांब," आई म्हणाली.

सगळे थांबले.

"हात कुठवर घातला तू?"

"तू घालतं तेवढाच." नकलेत मी पदरचं काही घालत नाही, एवढी माझी इमानदारी आहे. हात मनगटापर्यंत आत होता. डबा चांगला खोल होता, तरी मनगटाशीच थांबला होता.

"पह्यले माया हात कोपरापर्यंत जाये," आई म्हणाली.

तिनं पदर सोडला, चुलीपुढे बसली, दोन्ही तोंडांमधल्या वाटेत हात घातला. बांगड्या मातीला घासल्या आणि हात अडला. तिनं उलथणं घेतलं आणि खरवडायला लागली. आतून पोताऱ्याच्या खपल्या निघायला लागल्या, पापडासारख्या, एकावर एक, पांढऱ्या, करड्या, पांढऱ्या. रोजच्या सकाळच्या हातानं तिनं धुराची वाट लिंपून बंद केली होती. साहेब इस्त्रीच्या पँटसकट जमिनीवर टेकले आणि खपल्या घमेल्यात भरू लागले. घमेलं भरत आलं.

आईनं परत पऱ्हाट्या पेटवल्या. धूर जरासा घुटमळला, पुढे आला, मागे गेला, आणि आत ओढला गेला. मी अंगणात पळालो. पाइपातून धूर निघत होता. मी तिथूनच ओरडून सांगितलं, आणि सवयीनं आवाज भलताच निघाला. "म्हणजे असं बघा, धूर वर निघालेला आहे."

 आतून साहेबांचा आवाज आला, "हे कोण बोललं?"

"तुम्हीच बोलले ना जी साहेब," काकू म्हणाली.

आणि मग मला आईचं हसणं ऐकू आलं. मी दारातून पाहिलं. ती उलथणं हातात धरून, मातीनं माखलेल्या मनगटानं डोळे पुसत हसत होती. त्यात धुराचं काही नव्हतं.

साहेबांनी 'चालू' लिहिलं. जाताना आईला विचारलं, इतर बायांना काय सांगायचं. आई म्हणाली, "बाहेरून पोतारा म्हणा जितकं पोतारायचं तितकं. आत हात नोको घालू वं बाई म्हणा." पुढच्या वस्तीत जीप गेली तेव्हा साहेबांनी आईला सोबत नेलं, मीही मागे बसलो. माईकवर साहेबांनी आईचं ते वाक्य तिच्या बोलीत म्हणून पाहिलं. 'वं' त्यांना जमलंच नाही. आई पहिल्या रांगेत बसली होती, तिनं मागे वळून मला हळूच म्हटलं, "नक्कल तू चांगली करतं माझी."

वासे आले, कवेलू आले. बाबांनी गिरणीतून दोन दिवस सुट्टी घेतली आणि आम्ही दोघांनी छप्पर घातलं. खाली चुलीपुढे बसून आई वाकडं-सरळ सांगत होती. तेलाच्या डब्यांचे पत्रे काढले तेव्हा बाबा म्हणाले, "झाला गा याचा नमस्कार."

मामा खाप्याहून आला तेव्हा उन्हातून आला होता, टोपी हातात, घसा कोरडा. बसला आणि पाणी मागितलं. आई गिलास भरून हातात धरून उभी राहिली.

"देतो दादा," ती म्हणाली. "आधी वर पाहा."

मामानं वर पाहिलं. वासे सरळ होते, कवेलू लाल होते, पाइप मधोमध उभा होता. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "चांगलं झालं. कोणी करून दिलं?"

"वासे अन् कवेलू सरकारनं दिले," आईनं गिलास त्याच्या हातात ठेवला. "चूल मी चालवली."